अकरा भोकांचा शर्ट

मर्विन टकवेलने एकदा ठरवलं की ते तडीस जाणारच, हे आमच्या पेलिकन हेड गावात शेंबडं पोरही सांगेल. खरं तर शेंबडं पोरच आधी सांगेल, कारण एकतीस वर्षं मर्विन गावच्या प्राथमिक शाळेचा हेडमास्तर होता आणि त्याच्या राज्यात एकच कायदा होता : टोपी नाही, तर खेळ नाही!

कायदा म्हणजे कायदा. टोपी विसरलेल्या पोराने मधल्या सुट्टीत छपराखालच्या बाकावर बसायचं आणि इतरांचं खेळणं बघत डबा खायचा. रडून उपयोग नाही, आईची चिठ्ठी आणून उपयोग नाही, ढग दाखवून तर मुळीच उपयोग नाही. ती पोरं आता चाळिशीला आली, काहींच्या डोक्यावर झाकण्यासारखं काही उरलं नाही, तरी मर्विन समोरून आला की त्यांचा हात आपोआप डोक्याकडे जातो. बँकेतल्या बाईंनी तर एकदा त्याला दारात बघून काउंटरखालची टोपी काढून घातली होती. बँकेच्या आत!

आणि स्वतः मर्विन? जानेवारीत आमच्याकडे भर उन्हाळा असतो, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तेव्हासुद्धा हा गृहस्थ मनगटापर्यंत बाह्या, गळ्यापर्यंत बटणं, घोट्यापर्यंत पँट आणि डोक्यावर परातीएवढी टोपी अशा थाटात फिरायचा. "याला म्हणतात तत्त्वाचा माणूस!" गाव म्हणायचं, आणि मर्विन ते मान किंचित झुकवून ऐकून घ्यायचा.

तत्त्वबित्त काही नव्हतं. मर्विनला सोरायसिस होता.

कोपरांवर, गुडघ्यांवर, नडग्यांवर आणि पाठीवर लाल चट्टे, वर चंदेरी पापुद्रे. सकाळी पलंगावरची चादर झाडली की शिळ्या केकचा चुरा सांडल्यासारखं दिसायचं. पाठीवर, कमरेच्या जरा वर, सगळ्यात मोठा चट्टा होता आणि तो हुबेहूब देशाच्या दक्षिणेकडच्या टास्मानिया बेटाच्या आकाराचा होता. भूगोलाच्या पेपरात देशाच्या नकाशाखाली टास्मानिया काढायला विसरलेल्या पोरांचे मर्विनने जन्मभर निम्मे गुण कापले होते. त्यातल्याच कुणाचा तरी तळतळाट लागला असावा, असं त्याच्या बायकोचं, नोएलीनचं, मत होतं.

नोएलीन सोडून हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण बावीस वर्षांपूर्वी, आजार नवा असताना, मर्विन एकदा गावच्या पोहण्याच्या तलावात उतरला होता. तेव्हा एका बाईने त्याच्या कोपरांकडे बघितलं आणि गुपचूप आपलं लेकरू पाण्यातून काढून घेतलं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर मर्विनने तिला समजावलं असतं की हे कुणाला लागत नाही, संसर्गाचं नाही. पण न बोललेल्या गोष्टीला उत्तर काय देणार? तो बाहेर आला, अंग पुसलं, बाह्या मनगटापर्यंत ओढल्या, आणि त्या पुन्हा कधी वर गेल्या नाहीत. गावाने त्याला तत्त्व म्हटलं. त्याने म्हणू दिलं.

बावीस वर्षांत घरगुती उपाय काही कमी झाले नव्हते. ओटच्या पिठाच्या पाण्यात बसून झालं, मोरी तुंबली आणि प्लंबर म्हणाला, "इथे कुणी खीर सांडली होती का?" पपईचं मलम झालं. इमूचं तेल झालं. त्याच्या वासाने गावातली चार कुत्री आठवडाभर त्याच्या मागे फिरत होती. समुद्रातलं शेवाळ झालं, पण ते नोएलीनने दुसऱ्याच दिवशी "एक तर ते या घरात राहील नाहीतर मी," असं म्हणून बाहेर टाकलं. मर्विनने हार मानली आणि बाह्यांवर भिस्त ठेवली.

आणि मग जानेवारीतल्या एका दुपारी त्याची सात वर्षांची नात टिली येऊन पायरीवर बसली.

"आजोबा, या वर्षी तू पोहणार ना?"

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी गावच्या तलावावर आजोबा-नातवंडांची शर्यत असते. पद्धत जुनी आहे : नातवंडाने आजीच्या खांद्यावर किंवा आजोबांच्या उघड्या पाठीवर ऊन अडवणाऱ्या रंगीत झिंकच्या मलमाने आपला आकडा काढायचा, आणि मग दोघांनी एकेक फेरी मारायची. उघड्या पाठीवर! नोएलीनच्या नव्या गुडघ्याला अजून पोहायची परवानगी नव्हती, म्हणजे उरला मर्विन.

"अगं, माझी टोपी भिजेल," मर्विन म्हणाला.

"दर वर्षी तू हेच सांगतोस. रूबीच्या आजोबांना एकच पाय आहे, तरी ते पोहतात."

"त्यांना टोपी नसेल."

टिलीने थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने मुंग्यांची रांग मोडली. मग मान वर न करता म्हणाली, "तुला माझ्याबरोबर पोहायचं नसतं का?"

मर्विन ताडकन उभा राहिला.

"पोहणार!" तो म्हणाला. "मर्विन टकवेलने ठरवलं की ठरवलं!"

ठरवून झाल्यावर त्याला उघडी पाठ आठवली. भरीत भर म्हणून त्याच शनिवारी तलावाच्या उथळ बाजूला उभारलेल्या नव्या कापडी छताला 'टकवेल सावली' असं नाव द्यायचं ठरलं होतं. म्हणजे सगळं गाव जमणार होतं.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टर कौरिसबाईंच्या समोर शर्ट काढून बसला. बाईंनी सगळं नीट बघितलं आणि दोनच गोष्टी लिहून दिल्या.

"हे मलम रोज रात्री. आणि ऊन."

"ऊन?" मर्विनने असं तोंड केलं की जणू बाईंनी त्याला दारू प्यायला सांगितली होती, तीही शाळेत.

"औषध म्हणून, मिस्टर टकवेल. सकाळी आठच्या आत, दहा मिनिटं, मोजून. अकरावं मिनिट नाही. ऊन फक्त चट्ट्यांवर; बाकी अंगाला सनस्क्रीन. उन्हाचं काम करणारं दवाखान्यातलं दिव्यांचं यंत्र तीनशे किलोमीटरवर आहे. आठवड्यातून तीनदा जाणार आहात का?"

"नाही."

"मग दारातलं ऊन वापरा. सहा आठवड्यांत फरक दिसायला हवा."

घरी येईपर्यंत हेडमास्तरच्या डोक्यात एकच वाक्य घोळत होतं : ऊन फक्त चट्ट्यांवर. सनस्क्रीन कुठे घामाने ओघळलं, कुठे राहून गेलं तर? निरोगी कातडीच्या एका बोटालाही फुकट ऊन लागलं तर? छे! एकतीस वर्षांच्या कायद्याचं काय?

"नोएलीन," तो दारातूनच ओरडला, "कात्री आण! शर्टाला भोकं पाडायचीत!"

नोएलीनने त्याच्याकडे नीट बघितलं. "मर्व्ह, बाईंनी नक्की काय औषध दिलंय?"

पण कल्पना कळल्यावर तीही रंगली. शाळेच्या क्रीडादिनाचा जुना पिवळा शर्ट निघाला. मर्विन स्वयंपाकघरात उभा राहिला आणि नोएलीन शिंप्याचा खडू घेऊन चट्टे आखू लागली.

"हलू नकोस! टास्मानियातलं होबार्ट शहर निसटतंय."

"गुदगुल्या होतात."

"होऊ देत. तुझ्या पोरांचे निम्मे गुण कापलेस ना, आता माझे कापले जायला नकोत."

शर्टाला अकरा भोकं पडली. पँटला चार, ती वेगळी. नोएलीन हाताची नेटकी, तिने प्रत्येक भोकाला काजासारखा टाका घालून काठ शिवला. मर्विनने आरशात बघितलं. शर्ट जागोजागी उंदरांनी खाल्ल्यासारखा आणि मग त्याच उंदरांनी माफी मागून शिवून दिल्यासारखा दिसत होता. पण काम चोख होतं.

जागा शोधली ती पावसाच्या पाण्याची टाकी आणि अवजारांची खोली यांच्यामधली. दोन्ही बाजूंना पत्रा, वर आभाळ. शेजारच्या डॉट पँकहर्स्टच्या व्हरांड्यातून तिथलं काही दिसत नाही, हे मर्विनने आधी तिच्या कुंपणाला रंग द्यायच्या बहाण्याने तपासून घेतलं होतं. साडेसातला खुर्ची टाकायची, अंडी उकडायचं घड्याळ दहा मिनिटांवर लावायचं, पाठ फिरवायची.

पहिल्या दिवशी ऊन टास्मानियावर पडलं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की अपराधी वाटलं! बावीस वर्षांनी पाठीला कुणीतरी ऊबदार हात लावत होतं. घड्याळ टणटणलं तेव्हा तो दचकून उठला आणि चोरासारखा घरात पळाला.

तीन आठवड्यांत पापुद्रे धरेनासे झाले. लाली फिकी पडली. एके दिवशी सकाळी नोएलीनने चादर झाडली आणि काहीच पडलं नाही. तिने पुन्हा झाडली. मग ती चादर तशीच छातीशी धरून थोडा वेळ उभी राहिली. त्या दिवशी मर्विन दाढी करताना शीळ घालत होता.

सगळं छान चाललं होतं म्हणूनच चूक झाली. एरवी घरातच वाळत घातला जाणारा तो पिवळा शर्ट आनंदाच्या भरात नोएलीनने अंगणातल्या गोल फिरत्या दोरीवर टाकला. वारा सुटला, दोरी फिरली, आणि अकरा भोकांचा शर्ट बाह्या पसरून सगळ्या आळीला दर्शन देत गरागरा फिरू लागला.

डॉट चाळीस वर्षं पक्षिनिरीक्षण करते. दुर्बीण सतत गळ्यात. पक्षी आमच्याकडे कमी आणि शेजारी जास्त, त्याला ती तरी काय करणार? अर्ध्या तासात ती मटणाच्या रश्श्याचं भांडं घेऊन नोएलीनच्या दारात हजर झाली. आमच्या गावात न सांगता रस्सा दारी आला की समजावं, कुणीतरी गेलंय किंवा जायच्या बेतात आहे.

"नोएलीन, अगं, मर्विनच्या शर्टाला काय झालं?"

नोएलीनला खोटं बोलायची सवय नव्हती. "कॉकटू!" ती म्हणाली. "पोपटांनी कुरतडला!"

"अकरा भोकं?"

"पाच-सहा जण होते."

रस्सा ठेवून डॉट परत निघाली, तर फाटकाशी मर्विन झाडांना पाणी घालत होता.

"मर्विन, शर्टाचं बघून वाईट वाटलं रे."

मर्विनच्या हातातली नळी बुटावर वळली, पण हेडमास्तर तो हेडमास्तर. "कसर लागली," तो ठामपणे म्हणाला. "जुन्या कपड्यांना लागतेच."

"पॉलिएस्टरला?"

"भुकेली कसर होती."

डॉट घरी गेली, दुर्बीण लावली आणि विचार करू लागली. बायको म्हणते कॉकटू, नवरा म्हणतो कसर. आणि भोकांना काठ शिवलेले! पोपटांना काजाचा टाका येतो, असं तिच्या पक्ष्यांच्या पुस्तकात कुठे नव्हतं. त्यात रोज सकाळी पावणेआठच्या सुमारास टाकीमागून घड्याळ टणटणायचं आणि मर्विन बोळातून बावरल्यासारखा धावत यायचा. तिने दोन आणि दोन मिळवले आणि तिला रडू आलं. मर्विनचं डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं! बिचारा आपलेच शर्ट कापतो, आणि ती माउली नोएलीन गुपचूप शिवत बसते!

हे तिने अगदी विश्वासात घेऊन फक्त बेकरीवाल्या बाईला सांगितलं. जेवणाच्या वेळेपर्यंत ते कोळंबी पकडणाऱ्या होड्यांवरही पोहोचलं होतं.

त्यानंतर मर्विनचे दिवस फार सुखात गेले. लोक त्याच्याशी सावकाश, स्पष्ट उच्चारांत बोलू लागले. पोस्टातल्या बाईंनी हाताला धरून त्याला घरापर्यंत सोडलं; पोस्ट घराच्या समोरच होतं. खाटकाने मांस बांधताना मोठ्याने विचारलं, "काय सर, ओळखलंत ना मला?" घरच्या फ्रीजमध्ये रश्श्याची सात भांडी जमली. जुन्या विद्यार्थ्यांनी पूर्ण बाह्यांचे नवे शर्ट आणून दिले, आणि देताना डोळे टिपले.

"कदर!" मर्विन नोएलीनला म्हणाला. "कदर म्हणतात याला! छताला नाव द्यायचं ठरलं आणि बघ, गावाला आपल्या माणसाची किंमत कळली!"

"मटणही बरंच कळलेलं दिसतंय," नोएलीन फ्रीजचं दार ढकलत म्हणाली.

गॅव्हिन शुल्ट्झ तर रस्त्यात थांबूनच राहिला. गॅव्हिन म्हणजे तलावाचा व्यवस्थापक, मर्विनचा जुना विद्यार्थी आणि त्याच्या मते एकतीस वर्षांतलं सगळ्यात गोड फळ. इतर तलाववाले चड्डीवर फिरतात. गॅव्हिन भर फेब्रुवारीत, पाण्याच्या काठाशीसुद्धा, घोट्यापर्यंतच्या पँटमध्ये! "बघा, शिस्त अशी मुरते," मर्विन चारचौघांत त्याचं उदाहरण द्यायचा.

"सर," गॅव्हिन हळूच म्हणाला, "आज वार कोणता, सांगता?"

"गुरुवार. तुला ठाऊक नाही?"

"आहे, सर. आणि सध्या पंतप्रधान कोण?"

"तो सारखा बदलतो, गॅव्हिन. कुणाकुणाचं लक्षात ठेवायचं!"

गॅव्हिनचा चेहरा काळवंडला. "बरोबर आहे, सर," तो म्हणाला आणि त्याने मर्विनला हात धरून रस्ता ओलांडून दिला. मर्विनला तो ओलांडायचा नव्हता.

शनिवार उजाडला. पाठीवरचा टास्मानिया आता खरखरीत राहिला नव्हता. सगळे चट्टे सपाट, मऊ झाले होते; त्यांच्या जागी नुसते तपकिरी डाग होते. "स्वच्छ आहे, मर्व्ह," नोएलीन बोट फिरवून म्हणाली. पण मर्विनने पोहायच्या चड्डीवर पूर्ण पँट चढवली, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि तसाच तो तलावावर पोहोचला. बाकडी भरली होती. बावीस वर्षांपूर्वीची ती बाई आता गावात नव्हती, तरी त्याला प्रत्येक बाकड्यावर तीच बसलेली दिसत होती. टोपी भिजेल, असं सांगून टाकावं का? अजून वेळ गेलेली नव्हती.

छताचं नामकरण झालं. डॉटने दोन शब्द बोलताना "आपला मर्विन जसा होता तसा आपण लक्षात ठेवू" असं म्हणून रुमाल काढला. 'होता' हे मर्विनला जरा खटकलं, पण टाळ्या पडल्या. मग गॅव्हिनने शर्यतीची यादी वाचायला घेतली.

"सातवी जोडी : टिली आणि… डॉट पँकहर्स्ट."

मर्विन उभा राहिला. "गॅव्हिन, चुकतंय तुझं. टिली आणि मी."

गॅव्हिन यादी छातीशी धरून जवळ आला. "सर, समितीने ठरवलंय. पाण्याजवळ… तुमच्या तब्येतीत… आम्ही डॉटला विचारलं, ती पोहेल. तुम्ही सावलीत बसा. तुमचीच सावली आहे, सर."

"माझ्या तब्येतीला काय झालंय?"

डॉट हुंदका देऊन म्हणाली, "मर्विन, तू शर्ट कापतोस रे! आम्हाला सगळं ठाऊक आहे!"

मर्विनच्या डोक्यात एकदम उजेड पडला. रश्श्याची भांडी, पोस्टातल्या बाई, वार कोणता! म्हणजे गावाच्या लेखी आपण खुळावलो आहोत! आणि खरं सांगायचं तर, त्याच क्षणी त्याचा जीव भांड्यातही पडला. सुटलो! गप्प राहिलं की झालं. शर्ट काढायला नको, कुणाला काही दाखवायला नको. खुळा तर खुळा. दोन दिवसांत वार सांगून दाखवू, की लोक विसरतील.

तेवढ्यात त्याला टिली दिसली. ती पोहायच्या कपड्यांत, हातात निळ्या झिंकची डबी उघडून उभी होती. तिने नुसतं डबीचं झाकण परत लावायला घेतलं.

ते झाकण लागायच्या आत मर्विनने टोपी काढून खुर्चीवर फेकली.

"कसर नव्हती!" तो शाळेच्या मैदानावरच्या आवाजात गरजला, आणि चार रांगांतल्या लोकांनी सवयीने पाठी ताठ केल्या. "कॉकटूही नव्हते! शर्ट मीच कापला! मला सोरायसिस आहे, बावीस वर्षं! कुणाला लागत नाही तो! मी लपवत होतो, कारण मला लाज वाटायची. डॉक्टरांनी ऊन घ्यायला सांगितलं, म्हणून भोकं!"

बटणं भराभर निघाली. शर्ट खाली पडला, पँट पडली, आणि मर्विन टकवेल सगळ्या गावासमोर पाठमोरा उभा राहिला. खरवसासारखी पांढरी फेक पाठ आणि तिच्यावर कडा आखून दिल्यासारखे तपकिरी डाग.

मर्विनने डोळे मिटले. आता कुणीतरी लेकरू उचलणार, असं त्याला वाटलं.

"सर!" गॅव्हिनचा आवाज कापत होता. "तुम्ही… तुम्ही ऊन घेतलंत?"

"मर्विन टकवेलने ऊन घेतलं!" बँकेतल्या बाई कुजबुजल्या.

"किती दिवस?" खाटकाने धसका घेतल्यासारखं विचारलं.

"सहा आठवडे," मर्विन खालच्या मानेने म्हणाला. "रोज दहा मिनिटं."

गाव हबकलं! आजाराचं कुणालाच काही नव्हतं. अशी दुखणी घरोघर असतात. पण हेडमास्तरच्या पाठीला उन्हाचा डाग! बाकावर बसून डबा खाल्लेली चाळीस-चाळीस वर्षांची पोरं आ वासून बघत होती.

"आजोबा!" टिली किंचाळली. "तुझ्या पाठीवर टास्मानिया आहे!"

सगळं गाव पुढे वाकलं. होता. होबार्टसकट!

"मग बाकीचा देश काढू का वर?" टिलीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तिने डबीत बोटं बुडवली. थंडगार निळं झिंक पाठीवर टेकलं. इवलीशी बोटं खांद्यापासून निघाली, किनाऱ्याकिनाऱ्याने वळली, आमच्या क्वीन्सलँड राज्याचं टोक काढताना मानेपर्यंत चढली, आणि मधल्या वाळवंटात तिने भला मोठा सात काढला. बावीस वर्षांत नोएलीन आणि डॉक्टर सोडून त्या पाठीला कुणी हात लावला नव्हता. मर्विनचे डोळे भरून आले आणि त्याने ते भरू दिले. तो वळला तेव्हा, डोक्यावर टोपी नसल्यामुळे, ते सगळ्यांना दिसलेही.

"चल," तो म्हणाला आणि काठाकडे निघाला.

"थांबा!"

गॅव्हिन आडवा आला. त्याने खुर्चीकडे बोट दाखवलं. मर्विनला कळेना. मग मागच्या रांगेतून कुणीतरी सुरुवात केली, बँकेतल्या बाईंनी उचलून धरलं, आणि बघता बघता एकतीस वर्षांची सगळी पोरं उभी राहून, पाय आपटून, एका सुरात ओरडू लागली :

"टोपी नाही, तर खेळ नाही! टोपी नाही, तर खेळ नाही!"

कायदा म्हणजे कायदा. मर्विन मुकाट्याने मागे गेला, परातीएवढी टोपी डोक्यावर घातली, दोरी हनुवटीखाली बांधली आणि पाण्यात उतरला. त्या टोपीने पाणी असं अडवलं की तो हात मारायचा पुढे आणि जायचा बाजूला. एका पायाचे आजोबा पोहून, अंग पुसून, आइस्क्रीम घेऊन बसले, तेव्हा मर्विन काठाला लागत होता. सातपैकी सातवे!

"सगळ्यांत जास्त वेळ आपणच पोहलो!" टिलीने त्याच दिवशी गावभर सांगितलं.

गर्दी पांगल्यावर मर्विन आपल्या नावाच्या सावलीत अंग निथळत बसला होता. तोवर तीन बायका पपईचं मलम, एक जण इमूचं तेल आणि खुद्द डॉट शेवाळाची बादली देऊन गेली होती. तेवढ्यात गॅव्हिन येऊन घुटमळला.

"सर, एक विचारू?"

"आज शनिवार आहे, गॅव्हिन."

"ते नाही, सर." त्याने दोन्हीकडे बघितलं आणि आपली पँट हळूच गुडघ्यापर्यंत वर घेतली. लाल चट्टा, वर चंदेरी पापुद्रे. "दोन्ही पायांना. नऊ वर्षं. तुमच्याकडे बघूनच सुचलं, सर. म्हटलं, पूर्ण पँट घातली की लोक तत्त्व समजतात."

एकतीस वर्षांतलं सगळ्यात गोड फळ! मर्विनने सरकून बाकावर जागा केली.

"सोमवारी कौरिसबाईंकडे जा," तो म्हणाला. "आधी त्या काय सांगतात ते ऐक. घरी पीठबिठ कालवत बसू नकोस, मोरी तुंबते."

"जातो, सर. आणि त्यांनी ऊन सांगितलं तर… नोएलीनबाई पँट कापून देतील का? काठ शिवून?"

"देईन की!" नोएलीन मागून म्हणाली. "फक्त रस्सा आणू नकोस."

आता टाकीमागे दोन खुर्च्या असतात. अंडी उकडायच्या घड्याळाची गरज उरली नाही. डॉट कुंपणाला शिडी लावून, दुर्बीण धरून वेळ बघते. पहिल्याच दिवशी मर्विन मोठ्या ऐटीत गॅव्हिनला समजावत होता की हे शास्त्र आहे, यात गबाळेपणा चालत नाही, भोक नेमकं चट्ट्यावरच यायला हवं.

"मर्विन!" वरून डॉट ओरडली. "दहा मिनिटं झाली! आणि शर्ट उलटा घातलायस, टास्मानिया पोटावर आलाय!"